रुंद अंक

"आजी, अंक पुन्हा रुंदच पडले," सेगावा फोनवर हळूच म्हणाला.

"माझी बोटंच जाड, त्याला मी काय करू? ते असू दे. सकाळी खाल्लंस का?"

"खाल्लं."

"काय, ते विचारतेय."

"...भात."

"नुसता? वर समुद्राचा वारा घेतलास वाटतं."

सेगावा हसला. त्या दिवसातले ते त्याचे पहिले हसू होते.

गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांनी रोज सकाळी आपले तापमान यंत्रात भरावे, अशी कचेरीची पद्धत होती. त्यामागची आज्ञावली सेगावाने लिहिली होती. उत्तर योग्य येईपर्यंत तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारायचा. फारच वेळा चुकले, तर कचेरीतून सेगावाने फोन करायचा. जपानी कळफलकावर एकच अंक रुंदही उमटतो, अरुंदही, आणि यंत्र ती दोन वेगळी चिन्हे मानते. आज्ञावली अरुंद तेवढेच स्वीकारी, आणि किनुयोआजी न चुकता रुंद भरी.

दुरुस्ती एका ओळीची होती. पण त्याचे वरिष्ठ मुराओकासाहेब दर वेळी म्हणत, "राहू दे रे. एवढी कसली घाई?" सेगावालाही घाई नव्हती. दूरच्या बेटावरून तो इथे एकटाच आला होता. त्याच्याशी कामापलीकडचे बोलणारे माणूस म्हणजे ही आजीच. तरीही एका म्हातारीला रोज चुकीची ठरवून आपण आपले एकाकीपण भागवतो आहोत, ही बोच त्याला सोडीना.

अखेर सुट्टीच्या दिवशी तो स्वतःच तिच्या दारी गेला.

आजीने त्याला उबेला बसवले, पुढ्यात वाफाळते मिसोचे सार ठेवले. "आधी खा. यंत्र कुठं पळून जात नाही."

"आजपासून अंक कसेही भरा, चालतील," वाटी रिकामी करून तो म्हणाला. "मग फोनची गरज उरणार नाही."

आजी चुलीवरच्या माशाकडे वळली.

"दुरुस्ती करण्याआधी एकदा भरून दाखवा. नेमकं कुठं अडतं ते बघतो."

चुलीवर मासा करपत होता. तिकडेच डोळे ठेवून आजीने झरझर अंक भरले. अंक अरुंद पडले; यंत्राने पहिल्याच खेपेला ते स्वीकारले.

सेगावा पडद्याकडे पाहत राहिला. "आज बरोबर कसे पडले?"

तेवढ्यात फोन वाजला. करपता मासा उतरवून आजीचे हात बरबटलेले. तिने सवयीने कोपरानेच स्पीकरची कळ दाबली. मुराओकासाहेबांचा आवाज खोलीभर घुमला.

"किनुयोबाई, आज सुट्टी. म्हणजे तुमची ती मुद्दामची चूक नाही अन् सेगावाचा फोन नाही. मग आमचं पोर जेवलं की नाही, ते कळायचं कसं?"