धुतलेलं इंजिन

"तेलाच्या दाबाचा काटा पडला की गाडी हातभरही पुढे न्यायची नाही, आत साक्षात देव बसलेला असला तरी," रेवतीचे सासरे सांगायचे.

आज जीपमध्ये गुलाबकाकू होत्या. दहाच्या आत त्यांना डायलिसिसला पोचवायचा शब्द रेवतीनं दिला होता. इंजिन कालच आतून धुऊन आणलेलं. निघताना वर असलेला काटा घाटाच्या पायथ्याशी शून्यावर आला. तिनं थांबून तेल मोजायची पट्टी काढून पाहिली, तर तेल पुरेपूर.

फोनवर मिस्त्री म्हणाला, "धुतल्यावर काटा खोटं बोलतो, वहिनी. बिनधास्त चालवा."

खरं कुणाचं मानावं, रेवतीला कळेना.

"रक्त धुतल्यावर मला दोन पावलं टाकवत नाहीत," काकू म्हणाल्या, "आणि तू हिला लगेच घाट चढवतेस होय गं?"

रेवतीनं जीपची किल्ली काढली, काकूंची पिशवी खांद्याला लावली आणि त्यांचा हात धरून साडेआठची एसटी गाठायला निघाली.