गॅलरीतली टोपी
प्रत्येक भाषण संपलं की खासदार नेरिस उठून उभी राहायची. अध्यक्षांनी दुसऱ्याचं नाव घेतलं की पुन्हा बसायची. लंडनच्या संसदेत मागच्या बाकावरच्यांना बोलायची संधी अशीच मिळवावी लागते. दुपार सरली. "अगं, गुडघे जातील," शेजारी येऊन बसलेला पक्षाचा प्रतोद कुजबुजला. "घरी जा, बाळ वाट बघत असेल. आपल्याच सरकारविरुद्ध बोलून काय मिळणार?" पान्हा दाटून आला होता, पण बाहेर गेलं की नंबर गेला. सरकारचं हे विधेयक मंजूर झालं की पुष्कळ खटल्यांतली बारा सामान्य माणसांची ज्यूरी जाणार, एकटा न्यायाधीश निकाल देणार. वर गॅलरीत तिचे बाबा मांडीवरची टोपी पिळत बसले होते. शेवटी विरोधी बाकावरचा म्हातारा ओवेन बोलता बोलता थांबला. "बाईंना कधीचं काहीतरी सांगायचंय," म्हणत तिला संधी देऊन तो खाली बसला. "माझे वडील बस चालवायचे," नेरिस म्हणाली. "संपात त्यांच्यावर पोलिसाला मारहाण केल्याचा खोटा आळ आला. न्यायाधीशांना पोलीस खरा वाटत होता. वडिलांनी पिंजऱ्यात उभं राहून निकाल ऐकला: बारा अनोळखी माणसांना ते खरे वाटले होते. म्हणून मला घरात बाप मिळाला." मतदान झालं. मतं मोजणारे सदस्य आकडे सांगायला पुढे आले, तसे गॅलरीत बाबा उठले, टोपी छातीशी धरून. "बसा आजोबा, इथं उभं राहता येत नाही," दारवान हळूच म्हणाला. "राहू दे रे," बाबा म्हणाले. "निकाल ऐकताना मी उभाच असतो."