कापसाची खोली

भातकुलीच्या मनकर्णाची धाकटी पंचफुला नऊ वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. वेणी घालताना मनकर्णा रोज विनवायची, "माय म्हण वं, एकडाव तरी माय म्हण." पोर आपली कापसाचा बोळा गालावर फिरवत बसायची.

थोरल्या शालूला पाहायला पाहुणे आले, की मनकर्णा पंचफुलेला कापसाच्या खोलीत न्यायची, तिच्या तोंडावर हात ठेवून "चूप!" म्हणायची आणि बाहेरून कडी लावायची. पाहुण्यांना सांगायची, "मले एकच पोरगी हाय." शालूला हळद लागली त्या दिवशीही पंचफुला त्या खोलीतच होती. तेव्हापासून मनकर्णाच्या घशाखाली घास धड उतरत नव्हता.

पहिल्या दिवाळीला शालू जावयासोबत येणार, तेव्हा मनकर्णानं ठरवलं, आता लपवायचं नाही. तिनं पंचफुलेला नवं परकर-पोलकं घातलं. पण दारात दमणीच्या बैलांचे घुंगरू वाजले आणि पोर आपणहून उठून कापसाच्या खोलीत शिरली.

मनकर्णा मागोमाग धावली. "चाल वं बाहेर! तुहे भाऊजी आले, तुले भेटाले."

पंचफुलेनं आईच्या तोंडावर हात ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा, अगदी स्पष्ट बोलली,

"चूप!"