बडोद्याचा रुपया

संस्थानी नाणी जमवणाऱ्या तुलारामजींना बडोद्याचा चांदीचा रुपया अखेर भंडाऱ्यातल्याच एका पितळी भांडेवाल्याकडे गवसला. घरी येताच त्यांनी तो सवयीप्रमाणे नखावर उडवून कानाशी धरला. अस्सल चांदी खणखणते. हा मुकाच राहिला. वजन मात्र चोख होतं.

"अजी, पुरे करा ना! कितीदा वाजवता?" स्वयंपाकघरातून पुष्पाबाई ओरडल्या.

तुलारामजींनी तर एकदाच वाजवला होता. रुपया डबीत घालून त्यांनी कपाटाला कुलूप लावलं.

"आता काहून वाजवून राहिले जी?"

तुलारामजींनी आपले रिकामे हात पाहिले. "कुठून येऊन राहिला तुले आवाज?"

पदराला हात पुसत पुष्पाबाई बाहेर आल्या. कपाटाकडे न बघता नवऱ्याच्या अगदी जवळ येऊन, कान देऊन थांबल्या.

"जरा तोंड उघडा बरं," त्या म्हणाल्या.