ठिपक्यांचा तोल

इराणमधल्या शाहरूदला नामशेष होत चाललेल्या प्राण्यांवरच्या कलाकृतींचं प्रदर्शन भरणार होतं. गुलअंदामने वर्षभर विणलेला गालिचा निवड करणाऱ्या बाई निरखत होत्या. “मोकळं वाळवंट सुरेख साधलंय, खाला. पण चित्त्याच्या खांद्यावर ठिपक्यांची दाटी, मांडीवर मोजकेच. तोलच गेला. हा नको.” “डोळ्यांनी पाहिले तसेच विणले,” गुलअंदाम पुटपुटली आणि जड मनाने गालिचा गुंडाळू लागली. तेवढ्यात तिथे आलेला चित्त्यांच्या अभयारण्याचा रखवालदार धावत पुढे आला आणि मोबाइलमधला एका चित्त्याचा फोटो विणलेल्या ठिपक्यांशेजारी धरून ओरडलाच, “प्रत्येक चित्त्याचे ठिपके वेगळे! ही आमचीच मादी! दोन वर्षं तिला मेलेली समजतोय!” “मेलेली? परवा पुन्हा आली नि माझी शेळी पळवली तिनं!” गुलअंदाम उसळली. हसत बाईंनी गालिचा दर्शनी भिंतीवर लावायला सांगितला. “काठी नाही उगारली?” रखवालदाराने विचारलं. “उगारली रे, तर मागे तीन पिल्लं दिसली. लेकुरवाळीला रिकाम्या हाती कसं धाडायचं?”