गोलात साहेब नाही

कॅन्टीनमधल्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्या.

वर्तमानपत्रात बांधलेले सुके बोंबील.

खाडीवरून येणारा कुबट वारा.

नवाकोरा टाय.

‘स्वेच्छा’ हा शब्द.

प्रभाकर टाय सारखा करत ठाण्याच्या त्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये शिरला आणि दारातच थबकला. कामगारांनी टेबलं भिंतीला लावून खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. त्याच्यासाठी. पंच्याऐंशी साली तो इथेच प्रशिक्षण अधिकारी होता, तेव्हा मांडायचा, अगदी तशा.

त्या गोलाचा नियमही त्यानेच घातलेला. आत बसलं की कोणी कोणाचा साहेब नाही. नावाने हाक मारायची, आणि ज्याला हाक मारली त्याने खरंच बोलायचं.

तेव्हा त्याचं काम होतं माणसांना बोलतं करायचं. आता तो बाहेरून बोलावलेला सल्लागार होता, आणि काम होतं त्यांना राजी करायचं. स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करायला.

“हे काय, संगीत खुर्ची?” मागून आलेला पर्सोनेल मॅनेजर हसला. “अरे, टेबल आणा रे. सरांना एकेकाशी बोलायचंय.”

कोणी हललं नाही. शेवटी दोन खुर्च्या बाजूला सारून प्रभाकरनेच एक टेबल आत ओढलं. फरशीवर ते करकरत आलं.

पहिला आला गोमाजी. कोळीवाड्यातला, मशीन शॉपचा जुना फिटर. समोर बसता बसता त्याने टेबलावर एक पुडी ठेवली.

“वहिनींना दे. आमच्या जनाबाईनं बोंबील सुकवलेत.”

मॅनेजर खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

“परभाकर,” गोमाजी म्हणाला. मॅनेजरने मान वळवली. “मना खरा सांग. सही नाय केली तर मना काढतील?”

उत्तर प्रभाकरला ठाऊक होतं. सकाळीच वरच्या एसी केबिनमध्ये त्याला सांगितलं होतं, ‘जबरदस्तीने एकालाही काढता येत नाही हो. म्हणून तर तुम्हाला बोलावलं.’

गोमाजी पुढे वाकला. “खाडीत आता म्हावरा नाय र. ही नोकरी गेली तं होडी काढून काय चिखल पकडू? तू सांगशील तसा करतो.”

एक शब्द पुरे होता. नाही.

खिडकीपाशी मॅनेजर खाकरला.

“गोमाजीराव,” प्रभाकर म्हणाला, “तुम्ही पुढचा विचार करा. अशी संधी परत येणार नाही.”

 गोमाजीने पेन मागून घेतलं, सही केली, उठला, आणि आपली खुर्ची उचलून भिंतीला नेऊन ठेवली.

“येतो, साहेब.”

पुडी टेबलावरच होती. मॅनेजरने नाकाला रुमाल लावला.

“पुढचा कोण?” त्याने विचारलं.

प्रभाकरला मान वर करता येईना.

पंच्याऐंशी साली, गोलाच्या पहिल्या दिवशी, जेवणाची सुट्टी झाली तरी एकही कामगार त्याला नावाने हाक मारायला धजला नव्हता. पहिली हाक गोमाजीने मारली.