अंतरपाटाचा फोटो

१९८४च्या वैशाखात, ऐन लग्नाच्या सकाळी फोटोग्राफर दिगंबर तापाने फणफणला आणि कॅमेरा त्याच्या बायकोच्या, शालनच्या गळ्यात पडला. "तू फक्त फोकस जुळव. उजेडाचं कॅमेरा बघेल. ऑटोवरून हलवू नकोस," त्याने बजावलं.

मंगलाष्टकं संपत आली. समोर पांढराशुभ्र अंतरपाट होता. ऑटोवरचा कॅमेरा पांढऱ्याला भुलतो आणि चेहरे काळवंडतात, हे सात वर्षं डार्करूममध्ये नवऱ्याचे फोटो धुणाऱ्या शालनला ठाऊक होतं. पण सांगितलेलं मोडून फोटो बिघडला असता, तर कॅमेरा पुन्हा हाती आला नसता.

"वहिनी, अंतरपाट दोनदा पडत नाही हं!" नवरीचे मामा हसले.

"ठाऊक आहे, मामा." तिने चकती मॅन्युअलवर फिरवली, उजेड वाढवला, नवरीच्या डोळ्यांच्या अंदाजाने फोकस धरला आणि अंतरपाट तिच्या हनुवटीखाली येताच बटण दाबलं.

फोटोत नवरीचा चेहरा लख्ख आला. ती पुढे बडोद्यात सुखाने नांदली. मामा नव्वदीपर्यंत जगले. दिगंबरने आणखी वीस वर्षं लग्नांचे फोटो काढले, पण शेवटचं 'सावधान' जवळ आलं की कॅमेरा मुकाट शालनच्या हाती द्यायचा.